तिठ्यावरच्या पुतळ्याआधी

पेडणे तालुक्यातल्या एका पंच ताईंनी विचारलं आहे: "आमच्या वाड्यावरचे एक हवालदार रात्रीच्या नाकाबंदीवर असताना भरधाव गाडीखाली सापडून गेले. चार महिने झाले. त्यांच्याबरोबरच्या शिपायाचा पाय कायमचा अधू झाला, तो शेजारच्या गावचा. तिठ्यावर हवालदारांचा अर्धपुतळा बसवायचा, खाली 'शहीद' लिहायचं आणि शौर्यपदकाची मागणी करायची असं गावाने ठरवलंय. पंचायतीने सुरुवात कुठून करावी?"

ताई, पुतळा जरा बाजूला ठेवा. त्या रात्रीच्या स्टेशन डायरीत, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत, काय लिहिलंय, हे तुमच्यापैकी कोणी विचारलंय का?

मी नोकरीतली बरीच वर्षं पोलिसांच्या आस्थापनेच्या टेबलावर काढली. अंगावर वर्दी होती, पण हातात दांड्यापेक्षा टाचणीच जास्त. कर्तव्यावर गेलेल्यांच्या आणि जखमी झालेल्यांच्या फायली माझ्याकडे येत. निवृत्त झालो तरी लोक पिशवीत कागद घालून घरी येतातच. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. घटनेनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत जे लिहिलं जातं, त्यावरच पुढे पेन्शन, मदत, पदक, परेडमधलं नाव असं सगळं उभं राहतं. आणि नेमक्या त्याच दिवसांत सगळे हारफुलांत आणि मंत्र्यांच्या भेटीत गुंतलेले असतात.

पुतळ्याचं आधी उरकून घेतो, कारण ते लवकर संपतं. केरळातल्या एका पुतळ्यावरून गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ ला आदेश दिला: रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या जागांवर पुतळा किंवा बांधकाम उभारायला कोणत्याही राज्य सरकारने परवानगी देऊ नये. तिठा म्हणजे रस्ताच. परवानगीशिवाय बसवलात तर आज ना उद्या कोणीतरी तक्रार करणार आणि गोणपाटात गुंडाळलेला पुतळा पाहायची वेळ त्या माणसाच्या बायकामुलांवर येणार. पंचायतीच्या स्वतःच्या जागेत, म्हणजे पंचायतघराचं आवार, वाचनालय, खेळाचं मैदान, तिथे शिला किंवा फलक बसवता येईल. रस्त्याला नाव द्यायचं असेल तर तो पंचायतीचा आहे की सार्वजनिक बांधकाम खात्याचा, हे आधी बघा. दुसऱ्याच्या रस्त्याला नाव द्यायचा ठराव घेऊन त्याची बातमी छापून आणणाऱ्या पंचायती मी पाहिल्या आहेत. फलक मात्र लागलेला नाही.

आता 'शहीद'. हा शब्द सरकारी कागदात नाही. २०१७ साली केंद्रीय माहिती आयोगापुढे संरक्षण आणि गृह या दोन्ही मंत्रालयांनी स्पष्ट सांगितलं की सेनेत किंवा पोलिसांत असा अधिकृत शब्द वापरत नाहीत. म्हणजे 'शहीद दर्जा द्या' अशी मागणी ठरावात घातलीत तर ती कोणाच्याच टेबलावर बसणार नाही. फिरत राहील. लोकांनी तोंडाने म्हणावं, त्याला कोण आडवं येणार?

'हुतात्मा' लिहावं का? गोव्यात या शब्दाची एक जागा ठरलेली आहे. तुमच्याच तालुक्यात पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रही गोळ्या खाऊन पडले, त्यांचं स्मारक आहे. पणजीच्या आझाद मैदानावर आहे. अस्नोड्याच्या बाळा राया मापारींना मुक्तिलढ्याचे पहिले हुतात्मे मानतात, आणि ते १९५५ मध्ये गेले तेच पोर्तुगीज पोलिसांच्या कोठडीत. माझे आजोबा खाकी दिसली की अंगणातून उठून आत जायचे, १९६१ नंतरही कितीतरी वर्षं. मी पोलिसांत भरती झालो तेव्हा घरात दोन दिवस कोणी धड बोललं नाही. आपल्याकडे पोलिसाच्या स्मरणाची रीत सैनिकासारखी रुजली नाही, त्याचं थोडं मूळ इथे आहे असं मला वाटतं. म्हणून माझं मत: फलकावर मोठा शब्द घालू नका. नाव, हुद्दा, बकल नंबर (पोलिसाचा बिल्ला क्रमांक), तारीख, वेळ, जागा, आणि ते तिथे काय करत होते याचं एक सरळ वाक्य. 'रात्री अमुक वाजता अमुक नाक्यावर वाहनांची तपासणी करत असताना.' वीस वर्षांनी शाळेतलं पोर ते वाचेल तेव्हा त्याला काहीतरी कळेल.

नाव सेवापुस्तिकेत आहे तसं घ्या. घरी बाबलो, गावात बाबू आणि सेवापुस्तिकेत भलतंच, असं आपल्याकडे सर्रास असतं. स्मारकावर एक, दाखल्यावर दुसरं आणि बँकेत तिसरं झालं की मुलांना प्रतिज्ञापत्रं करत फिरावं लागतं.

आता डायरीकडे येतो. खरं काम तिथेच आहे.

एक प्रकरण सांगतो, ठाण्याचं नाव नको. एका शिपायाची ड्यूटी रजिस्टरवर बाजारातल्या पॉइंटवर लावलेली होती. रात्री वरून फोन आला, पुलाजवळ ट्रक उलटलाय, जा आणि वाहतूक वळव. तो गेला. मागून आलेल्या टेम्पोने त्याला उडवलं. फोनवरच्या हुकमाची नोंद कोणी केली नव्हती. फाइल वर गेली आणि शेरा घेऊन परत आली: 'सदर कर्मचारी नेमून दिलेल्या ठिकाणाऐवजी घटनास्थळी का उपस्थित होता, याचा खुलासा करावा.' त्या एका ओळीने त्या घराचे अकरा महिने खाल्ले. बायको माझ्यासमोर बसून म्हणाली, "म्हणजे ते तिथे फिरायला गेले होते?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी सुटका केली ती उलटलेल्या ट्रकच्या क्लीनरने. त्याच्या जबाबात एक वाक्य होतं, पोलीस बॅटरी दाखवून गाड्या वळवत होता. त्या वाक्याखाली लाल रेघ मारून फाइल पुन्हा पाठवली, तेव्हा ती मान्य झाली.

म्हणून हवालदारांच्या पत्नीने किंवा मुलाने अर्ज देऊन या गोष्टींच्या प्रती मागून घ्याव्यात: त्या दिवसाचं ड्यूटी रजिस्टर, स्टेशन डायरीतल्या नोंदी, वायरलेसवरचा निरोप, एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, १०८ रुग्णवाहिकेची नोंद, इस्पितळातला पहिला कागद आणि शवचिकित्सा अहवाल. नाक्यावर कॅमेरा असेल तर त्याचं चित्रीकरण जपून ठेवायला सांगणारं पत्र द्यायला हवं होतं. ते पहिल्याच आठवड्यात द्यायचं असतं, कारण त्यावर काही दिवसांत नवीन चित्रण चढतं. तुमच्याकडे चार महिने गेलेत. तरी विचारा, तपास अधिकाऱ्याने घेतलंही असेल.

एफआयआर वाचताना एका वाक्यावर बोट ठेवा. गाडीचा ताबा सुटून ती हवालदारांवर आली, की थांबण्याची खूण केली असता चालकाने गाडी अंगावर घातली? दोन्ही वाक्यांत माणूस तसाच गेला. पण पहिला अपघात होतो आणि दुसरा हल्ला. भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यूला कलम १०६ आहे, तर लोकसेवकाला कर्तव्यापासून रोखण्यासाठी केलेल्या हल्ल्याला आणि दुखापतीला १३२ आणि १२१ ही वेगळी कलमं आहेत. जाणूनबुजून जीव घेतला असेल तर गोष्ट आणखी पुढे जाते. खरं जे घडलं तेच लिहिलेलं असावं, एवढंच माझं म्हणणं. फुगवून लिहू नये. पण नाका तोडून पळणाऱ्या चालकाच्या प्रकरणातही घाईघाईत 'ताबा सुटला' हेच छापील वाक्य पडतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

याच वाक्यावर पेन्शनचा वर्गही ठरतो. गोव्यात सरकारी नोकरांना पेन्शनचे केंद्राचेच नियम लागू आहेत. त्यातल्या असाधारण निवृत्तिवेतनाच्या नियमांत मृत्यूचे पाच वर्ग आहेत, ए ते ई. ए म्हणजे नोकरीशी संबंध नसलेला नैसर्गिक मृत्यू. बी म्हणजे नोकरीमुळे जडलेला आजार. सी म्हणजे कर्तव्य बजावताना अपघात. डी म्हणजे अतिरेकी, समाजकंटक वगैरेंच्या हिंसेत आलेला मृत्यू. ई म्हणजे युद्ध, सीमेवरच्या चकमकी. ढोबळ मानाने, सी वर्गात कुटुंबाला मूळ पगाराच्या ६० टक्के मिळतात आणि डी वर्गात शेवटच्या पगाराइतकं. म्हणजे कागदावरचं एक क्रियापद चुकलं तर घरात दर महिन्याला येणारा आकडा बदलतो. नव्या पेन्शन योजनेतल्या कर्मचाऱ्याने नोकरीत असताना कोणता पर्याय भरून दिला होता, हेही याच वेळी पाहून घ्या.

सगळ्यात जास्त भांडणं बी आणि ए यांच्यात होतात. आपल्याकडे बंदोबस्त किती असतो तुम्ही पाहताच. नोव्हेंबरात इफ्फी हा चित्रपट महोत्सव, मग नवं वर्ष, कार्निव्हल, शिगमो, लईराईची जत्रा. २०२४ मध्ये तर २१ नोव्हेंबरपासून ५ जानेवारीपर्यंत जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियर यांचं शवप्रदर्शन होतं. सोळा तास उभा असलेला पन्नाशीचा हवालदार छातीत कळ येऊन पडतो, आणि पहिल्या कागदावर 'नैसर्गिक मृत्यू' लिहिलं जातं. लिहिणाऱ्याचा दोष नसतो, त्याच्यापुढे फक्त हृदय असतं. मागच्या पंधरा दिवसांचं ड्यूटी रजिस्टर त्याला कोणी दाखवलेलं नसतं. ते दाखवणं हे ठाण्याचं काम आहे. ठाण्याने नाही केलं तर घरच्यांचं.

मोटार अपघात दाव्याचं विसरू नका. मोटार वाहन कायद्यात १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांत दावा दाखल करण्याची अट आलेली आहे. तुमच्याकडे दोन महिने उरलेत. आजच वकील गाठा. जखमी शिपायाचा दावा स्वतंत्र असतो, तोही. सरकारकडून कुटुंब निवृत्तिवेतन मिळतंय म्हणून नुकसानभरपाईतून ते वजा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच सांगितलंय. 'दोन्हीकडून कसं मिळेल?' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

आणि खटला. त्या नाक्यावर रात्री कोण कोण होतं? गाड्यावर ऑम्लेट-पाव खाणारे, पंपावरचा पोरगा, तपासणीसाठी थांबवलेल्या दुसऱ्या गाडीतले लोक. पंचनाम्यावर सही करणारे बहुधा तुमच्याच गावचे असतील. दोन-तीन वर्षांनी समन्स येतं तेव्हा यांतले निम्मे म्हणतात, 'आता आठवत नाही.' पुतळ्यासाठी वर्गणी काढणाराच साक्षीला 'मी लांब होतो' म्हणाला, असंही एकदा घडलंय. पंचायतीने या लोकांना एकदा बसवून नीट समजावलं, तारखेला कोर्टापर्यंत गाडीची सोय केली, तर त्या हवालदारांसाठी ते पुतळ्यापेक्षा मोठं काम होईल.

शौर्यपदकाबद्दल खरं सांगतो, आशा कमी आहे. ती का कमी आहे, ते घरच्यांना आत्ताच समजावून सांगा, नाहीतर दर २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला ते पेपरातली यादी चाळत बसतील. २०२३ मध्ये केंद्राने पोलिसांची वेगवेगळी पदकं एकत्र करून चारच ठेवली. त्यातली दोन शौर्याची आहेत: राष्ट्रपतींचं शौर्यपदक आणि शौर्यपदक. ती मरणोत्तरही देतात. पण निकष मृत्यू हा नाही. समोर धोका दिसत असताना, तो टाळता येण्यासारखा असताना माणूस पुढे गेला का, हे पाहतात. तुकाराम ओंबळे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी असताना कसाबच्या बंदुकीची नळी धरून राहिले. त्यांना, करकरे, कामटे आणि साळसकर यांच्याबरोबर, २००९ मध्ये अशोकचक्र मिळालं. (२०२१ मध्ये संशोधकांनी एका नव्या कोळ्यालाही ओंबळेंचं नाव दिलं, इशियस तुकारामी. मला ही गोष्ट कुठल्याही पुतळ्यापेक्षा आवडते. कोळ्याला गोणपाटात कोण गुंडाळणार?)

तुमच्या हवालदारांनी पळणारी गाडी अडवण्यासाठी बॅरिकेड पुढे ओढलं असेल, किंवा त्या शिपायाला ढकलून बाजूला केलं असेल, तर ती गोष्ट वेगळी. मग तसं सांगणारा साक्षीदार हवा, त्याचा जबाब वेळेत नोंदवलेला हवा, आणि शिफारस पोलीस मुख्यालयातून राज्याच्या गृह खात्यामार्फत दिल्लीला जायला हवी. पंचायतीचं पत्र त्यासोबत जोडता येतं, पण पत्राने पदक मिळत नाही. तो शिपाईच यातला मुख्य साक्षीदार असणार. त्या सेकंदात काय झालं, हे त्याला कोणी शांतपणे विचारलंय का?

यासोबत एक माहिती देऊन ठेवतो, किनाऱ्यावरच्या तालुक्याला उपयोगी पडेल. जीवनरक्षा पदकं बुडणाऱ्याला, आगीत सापडलेल्याला वाचवण्यासाठी असतात, पण पोलिसाला ती मिळतात फक्त ड्यूटीवर नसताना केलेल्या कामासाठी. सुट्टीवर असलेला शिपाई तेरेखोल नदीत उडी मारून कोणाला बाहेर काढतो, तेव्हा त्याचं नाव जरूर पाठवा. बहुतेक जण उलटं समजतात, ड्यूटीवर नव्हता म्हणून काही मिळणार नाही, आणि अर्जच करत नाहीत. आणि 'भारत के वीर' हा केंद्राचा देणगी निधी. २०१७ पासूनचा हा निधी केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या जवानांसाठी आहे, राज्य पोलिसांसाठी नाही. तिथे अर्ज करून वेळ घालवू नका.

मग हक्काने काय मागायचं? २१ ऑक्टोबरच्या यादीतलं नाव.

१९५९ साली लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्स इथून गस्तीवर गेलेले पोलीस जवान परतले नाहीत, म्हणून २१ ऑक्टोबरला करम सिंग यांच्या हाताखाली एक तुकडी शोधायला निघाली. चिनी सैनिकांनी डोंगरावरून गोळीबार केला, दहा जण तिथे पडले. मृतदेह ताब्यात मिळाले १३ नोव्हेंबरला. जानेवारी १९६० मध्ये देशभरच्या पोलीस प्रमुखांच्या परिषदेत हा दिवस पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळायचं ठरलं. तेव्हापासून आदल्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून त्या वर्षीच्या ३१ ऑगस्टपर्यंत देशात कर्तव्यावर गेलेल्या प्रत्येक पोलिसाचं नाव त्या परेडला वाचतात. आपल्याकडेही वाचतात. शोकशस्त्र होतं, बिगुल वाजतो, दोन मिनिटं सगळे उभे. दिल्लीत चाणक्यपुरीला २१ ऑक्टोबर २०१८ ला राष्ट्रीय पोलीस स्मारक सुरू झालं, तिथल्या भिंतीवर स्वातंत्र्यापासूनची चौतीस हजारांहून जास्त नावं कोरलेली आहेत.

नावं वाचायला वेळ लागतो. पहिल्या शंभरानंतर मैदानावर चुळबुळ सुरू होते, पाहुणे घड्याळ बघतात. मी मात्र तिथे बसलेल्या बायका पाहिल्यात. एक नाव येईपर्यंत त्या श्वास धरून असतात. ते नाव चुकीचं उच्चारलं तर पुढचं काही त्यांना ऐकू येत नाही. म्हणून सप्टेंबर उजाडायच्या आत लेखी विचारा की यादीत नाव गेलं का, कोणत्या हुद्द्याने गेलं, कोणत्या अक्षरांत गेलं. ३१ ऑगस्टच्या आतली घटना त्या वर्षी राहून गेली, तर पुढच्या वर्षी ती घालून घेताना किती खेटे पडतात ते विचारू नका. परेडला कुटुंबाला बोलावणं येतं. तिथे जायला गाडी आणि बरोबर एक माणूस, एवढी जबाबदारी पंचायतीने घ्यावी.

आता तुमच्या प्रश्नात अर्ध्याच वाक्यात आलेला माणूस. तो शिपाई.

तो शेजारच्या गावचा, म्हणून तुमच्या ठरावात नाही. त्याच्या गावात त्याची सभा झाली नसेल, कारण तो जिवंत आहे. आपल्या व्यवस्थेत जखमीला जवळजवळ जागाच नाही, हे मी टेबलावर बसून शिकलो. सैन्यात पराक्रम पदक असतं, शत्रूशी किंवा बंडखोरांशी लढताना जखमी झालेल्यासाठी. पेडण्याच्या नाक्यावर गाडीखाली चिरडलेल्या पायाला तसं काही नाही. २१ ऑक्टोबरला त्याचं नाव कोणी वाचत नाही. उलट तो ठाण्यात परत येतो तेव्हा त्याला 'लाइट ड्यूटी'वाला म्हणतात, आणि त्या शब्दातला खोचकपणा पोलिसांत राहिलेल्यालाच कळतो.

त्याला मान द्यायचा म्हणजे आधी त्याची रजा तपासायची. कर्तव्यावरच्या दुखापतीसाठी नियमांत वेगळी रजा आहे, ती त्याच्या खात्यावरच्या अर्जित रजेतून कापायची नसते. पण पहिल्या आठवड्यात भाऊ नाहीतर बायको अर्ज लिहून देते, कारकून सांगतो तसं, आणि वर्षानुवर्षं साठवलेली रजा संपते. झालं असेल तर दुरुस्तीचा अर्ज करता येतो. दुसरं, अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६, कलम २०. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, हुद्दा खाली आणता येत नाही. पूर्वीचं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरी जागा, ती नसेल तर जादा पद निर्माण करून ठेवायचं. सरकारला अधिसूचना काढून एखाद्या आस्थापनेला यातून सूट देता येते, म्हणून आपल्या बाबतीत काय स्थिती आहे ते वकिलाकडून तपासून घ्या. पण हे कलम अर्जात लिहिल्यावर समोरच्या माणसाची भाषा बदलते, हे मी पाहिलंय.

आणि वैद्यकीय मंडळाच्या कागदावर दुखापत 'कर्तव्य बजावताना' झाली हे शब्द आहेत का ते बघा. नुसतं 'रस्ता अपघात' लिहिलं असेल तर दुचाकीवरून पडलेल्यात आणि त्याच्यात काही फरक उरत नाही.

त्या नाक्यावर एखादा होमगार्ड होता का? आपल्याकडे वाहतुकीच्या आणि बंदोबस्ताच्या कामाला होमगार्डही उभे असतात. ते मानधनावर असतात, पेन्शनच्या या सगळ्या वर्गांत ते येतच नाहीत. असेल तर त्यालाही विसरू नका, त्याच्यासाठी तर कागदांची लढाई आणखी अवघड आहे.

कुटुंबाबद्दल दोन शब्द. कार्यक्रमाची तारीख त्यांना विचारल्याशिवाय ठरवू नका. वर्षश्राद्धाआधी काही नको असं घरात असेल तर नको. ख्रिस्ती घर असतं तर वर्षाची मिसा कधी ते विचारलं असतं, तसंच हे. पत्नीला व्यासपीठावर बसवून 'वीरपत्नी' म्हणून शाल घालायची पद्धत आलीय. काहींना त्यात आधार वाटतो. काहींना सगळ्या गावाने टक लावून बघणं नकोसं होतं. शाल घालणारेच पुढच्या महिन्यात हळदीकुंकवाला त्यांना टाळणार असतील तर ती शाल घरी राहू द्या. कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव घेतला, तसा तुमच्या पंचायतीने त्याच दिवशी घेतला तर मला फार बरं वाटेल. अर्थात हा तुमचा निर्णय.

फलकाच्या अनावरणाला तिरंगा झाकणासाठी वापरू नका. ध्वजसंहितेत ते चालत नाही. ध्वज बाजूला, वेगळा फडकवायचा, झाकायला साधं कापड. अंत्ययात्रेतही तिरंगा पार्थिवावर घालायचा तो शासकीय इतमामाचा निर्णय झाला असेल तरच, केशरी पट्टा डोक्याकडे ठेवून. चितेत किंवा कबरीत तो जात नाही. पोरं भावनेच्या भरात दुकानातून झेंडा आणून अंगावर घालतात, कायद्याने तो ध्वजाचा अपमान धरला जातो. पुढे कधी वेळ आली तर कोणीतरी वडीलधाऱ्याने त्यांना थांबवावं.

ठराव पुढच्या रविवारच्या ग्रामसभेत घ्या. त्यात शहीद दर्जा, पुतळा, पदक नको. एवढंच लिहा: अमुक हवालदार, बकल नंबर अमुक, अमुक तारखेला कर्तव्यावर असताना गेले याची ग्रामसभा नोंद घेत आहे, त्यांचं नाव २१ ऑक्टोबरच्या यादीत योग्य हुद्द्याने जावं, असाधारण निवृत्तिवेतनाचं प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे ते कुटुंबाला लेखी कळवावं, पंचायतघराच्या आवारात फलक बसवण्यास मंजुरी. प्रत पोलीस अधीक्षकांना आणि मामलेदारांना.

आणि पाचवं कलम शिपायाचं. त्याचंही नाव आणि बकल नंबर घाला, शेजारच्या पंचायतीला प्रत पाठवा. ग्रामसभेला त्याला बोलावलंत तर पहिल्या रांगेत खुर्ची ठेवा. मौन पाळताना तो उठायचा प्रयत्न करेल. आधीच जाऊन सांगा की बसून राहिलास तरी चालेल. मसुदा तयार झाला की हवालदारांच्या घरी वाचून दाखवा, मग मला पाठवा. स्पेलिंग आणि तारखा मी तपासून देतो.